अजून थोडा जोर

मोटारीच्या इंजिनातून स्पार्क प्लग काढताना तो मधोमध तुटला, की भोवती उभ्या असलेल्या चार माणसांपैकी निदान पाच जणांना तो तुटणार हे आधीपासून ठाऊक होतं, असं बाहेर येतं. ‘कट्’ असा आवाज होतो. फार मोठा नसतो. पान्याच्या तोंडात वरचा अर्धा प्लग येतो, खालचा अर्धा इंजिनाच्या हेडात तसाच राहतो आणि दोन क्षण कुणी काही बोलत नाही. मग सगळेच बोलतात. ‘मला वाटलंच.’ ‘मी म्हणालोच होतो.’ ‘जोर जास्त झाला.’ यातलं शेवटचं वाक्य म्हणणारा गृहस्थ बहुधा तोच असतो, ज्याने अर्ध्या मिनिटापूर्वी ‘अहो, लावा की जरा जोर, खाल्लं नाही का सकाळी?’ असं विचारलेलं असतं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की प्लग तुटण्यात प्लगचा वाटा फार थोडा असतो आणि तुटलेला प्लग काढण्यात हाताचा वाटा त्याहून थोडा. जगातली बाकीची कामं केल्याने होतात. हे काम बरंचसं न केल्याने होतं. आणि काही न करता उभं राहणं हे माणूस नावाच्या प्राण्याला, त्यातही हातात पाना असलेल्या प्राण्याला, जमत नाही. पाना आणि पक्कड यांतला फरक ज्याला नीट सांगता येत नाही त्याने हे सिद्धान्त मांडावेत का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण पानाधारी मंडळी स्वतः हा सिद्धान्त मांडणार नाहीत, कारण नेमक्या त्या वेळी ती जोर लावत असतात.

आधी आरोपीची बाजू ऐकून घेऊ. स्पार्क प्लग म्हणजे पोलादी कवचात बसवलेली पांढरी, चिनी मातीसारखी दिसणारी नळी, तिच्या पोटातून गेलेला धातूचा दांडा आणि टोकाला मिलिमीटरभराची फट. त्या फटीवर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा, ठिणगी पाडायची, पेट्रोलची वाफ पेटवायची, संपलं काम. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला चालणारा प्लग तयार केला. त्यानंतर प्लगच्या मूळ रचनेत फारसा फरक पडलेला नाही. कामाचा व्याप मात्र भयंकर आहे. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल तर एका प्लगला मिनिटाला साडेबाराशे ठिणग्या पाडाव्या लागतात. शहरातली सरासरी ताशी ४० किलोमीटर धरली (वाचक हसतील, पण हिशेबासाठी धरू), तर ४० हजार किलोमीटर म्हणजे हजार तास आणि हजार तासांत साडेसात कोटी ठिणग्या. एवढं करूनही गाडीच्या मालकाला एअर फ्रेशनरचा वास कुठला ते सांगता येतं, प्लग किती आहेत ते सांगता येत नाही. इकडे प्लगचे पोलादी आटे अल्युमिनियमच्या आट्यांत बसलेले असतात. दोन निराळे धातू, वर ओल, वर उष्णता. त्यांच्यात हळूहळू रासायनिक देवाणघेवाण चालते आणि खालून काजळी आट्यांत शिरून घट्ट बसते. हे सगळं व्हायला वर्षं लागतात. ती आपण उदार हस्ते देतो. ‘प्लग बदलायला झालेत’ असं कुणी म्हटलं, तर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘चालतंय ना अजून?’

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो साठीच्या पुढचे गृहस्थ घेतात. ‘आमच्या वेळचे प्लग बघा. चेतक होती आमची. वीस वर्षं वापरली. एकदा तुटला असेल तर शपथ!’ हे अगदी खरं आहे आणि पुरावा म्हणून दाखल करून घेण्याजोगं आहे, फक्त तो त्यांच्या विरुद्ध जातो. चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं आणि ते प्लगच्या तोंडावर काळं होऊन बसायचं. त्यामुळे त्या काळच्या प्रत्येक नोकरदार गृहस्थाच्या स्कूटरच्या डिकीत प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असे. ऑफिसला निघताना स्कूटर आडवी करायची, मग उभी करायची, किक मारायची, आणखी किक मारायची, शेवटी साइडचं झाकण उघडून प्लग काढायचा, घासायचा, फुंकायचा, परत लावायचा आणि काळ्या बोटांनी मस्टरवर सही करायची. जो प्लग महिन्यातून दोन-तीनदा बाहेरची हवा खातो, त्याला जाम व्हायला सवड कुठली? तो वाईट होता म्हणून सुटत होता. आताचे इरिडियमचे किंवा प्लॅटिनमचे प्लग इतके चांगले आहेत, की काहींना एक लाख किलोमीटरपर्यंत हात लावायचं कारण नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या घरात, गाडी घेतली तेव्हा पहिलीत असलेला मुलगा दहावीला बसतो तेव्हा प्लगची आठवण निघते. मधल्या काळात सर्व्हिसच्या कागदावर ‘प्लग तपासले’ या ओळीपुढच्या चौकोनात दर वर्षी खूण असते. खूण करणाऱ्याने प्लग पाहिला असेलच असं नाही; चौकोन मात्र नक्की पाहिला. म्हणजे प्लग जितका गुणी, तितका तो विसरला जातो, आणि जितका विसरला जातो तितका घट्ट धरून बसतो. मग एके दिवशी आपण दहा वर्षांची सगळी आस्था एका झटक्यात दाखवायला जातो.

तो झटका किती मोठा असतो, याचा हिशेब करता येतो. १४ मिलिमीटर आट्यांचा प्लग अल्युमिनियमच्या हेडात बसवायला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला पंधरा किलोचा जोर दिला, की तेवढा पीळ होतो. तो कुणीही देऊ शकतो, बसल्या बसल्या देऊ शकतो. आता प्लग हलत नाही म्हणून पान्याच्या दांड्यावर साठ सेंटिमीटरचा पाइप चढवला, तर त्याच पंधरा किलोंचा पीळ तिप्पट होतो आणि पाइप हाती आल्यावर कुणी पंधरा किलोंवर थांबत नाही. आर्किमिडीजने तरफेच्या भरवशावर पृथ्वी हलवण्याची भाषा केली होती. उभं राहायला जागा मिळाली नाही म्हणून पृथ्वी वाचली. गॅरेजमध्ये उभं राहायला जागा भरपूर असते.

‘हलतोय का?’

‘नाही.’

‘पाइप आण रे.’

‘आता?’

‘आता हलला.’

‘सुटला?’

‘नाही. तुटला.’

हा संवाद महाराष्ट्रात कुठेही, कुठल्याही गॅरेजमध्ये, शब्दाचाही फरक न होता ऐकायला मिळेल. पण नुसत्या काढणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या आधी एक बसवणारा होऊन गेलेला असतो आणि बसवणाऱ्याचंही ब्रीद जोर हेच असतं. नवा प्लग हाताने फिरवत टेकेपर्यंत न्यायचा आणि मग वॉशरवाला असेल तर पाऊणच्या आत, अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यायचा, एवढीच अपेक्षा असते. निमुळत्या बैठकीचा, बिनवॉशरचा प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग. घड्याळाच्या तबकडीवर मोजलं तर चार मिनिटांहूनही कमी. बसवणाऱ्याचं माप निराळं असतं. ‘आवाज यायला पाहिजे बघा, कर्र असा. म्हणजे मग आयुष्यात सैल होत नाही.’ आणि खरोखरच होत नाही. पीळ मोजणारा टॉर्क पाना गॅरेजात नसतो असं नाही. तो भिंतीवर असतो, त्याच्या मूळ खोक्यात असतो, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू मिळतं आणि उरलेलं वर्षभर त्याच्या शांततेत कुणी व्यत्यय आणत नाही. काही सावध मंडळी बसवताना आट्यांना अँटी-सीझ नावाचं वंगण फासतात, म्हणजे पुढच्या वेळी सहज निघेल. हेतू चांगला, पण वंगणामुळे आटे गुळगुळीत होतात, मनगट नेहमीएवढाच जोर लावतं आणि प्लग नेहमीपेक्षा जास्त आवळला जाऊन त्याची मान ताणली जाते. म्हणून मुलामा दिलेले प्लग बनवणारे स्वतःच सांगतात, की बाबांनो, हे लावू नका. काळजीनेसुद्धा प्लग तुटू शकतो, ही गोष्ट मराठी आईवडिलांना फार समजावून सांगावी लागू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘माणसाला कशाला बोल लावता? कंपन्याच तसले प्लग बनवतात.’ याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते फोर्ड कंपनीच्या इंजिनांचं आहे. ट्रायटन या नावाच्या त्यांच्या जुन्या, दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनांत प्लगला धरून ठेवायला हेडमध्ये आटे फार थोडे होते. परिणामी काही गाड्यांत चालत्या इंजिनातून प्लग बंदुकीच्या गोळीगत उडून बाहेर येत. पुढे तीन व्हॉल्व्हची आवृत्ती निघाली. २००४ ते २००८ च्या सुमाराच्या एफ-१५० ट्रकांत ५.४ लिटरचं ते व्ही-८ इंजिन असे. त्यातला प्लग दोन तुकडे जोडून केलेला होता आणि आट्यांच्या खाली त्याची एक लांब, पातळ नळी हेडच्या भोकात उतरलेली असे. तिच्याभोवती काजळी साचायची आणि प्लग काढायला गेलं की वरचा भाग हाती, नळी आत. म्हणजे आधीच्या इंजिनातले प्लग न सांगता बाहेर पडत आणि नंतरच्यातले सांगूनही पडेनात. कंपनी इतक्या टोकाची सुधारणा करते, हे ग्राहकाला अपेक्षितच नव्हतं. आठ सिलिंडर, आठ प्लग. त्यातले किती सुखरूप निघतील यावर अमेरिकेतल्या गॅरेजांत काय काय बोललं गेलं असेल, ते इथे छापता येणार नाही. तेव्हा दोष रचनेचा होता, हे संपूर्ण मान्य.

पण मग त्या बलाढ्य कंपनीने आपल्या मेकॅनिकांना पत्रक काढून उपाय काय सांगितला, तो बघण्यासारखा आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गरम असताना प्लगला हात लावू नका. प्लग फक्त फेऱ्याचा आठवा ते चौथा भाग सैल करा आणि थांबा. प्लगच्या खोबणीत अर्धा-पाऊण चमचा कार्ब्युरेटर क्लीनर सोडा आणि निदान पंधरा मिनिटं थांबा. हवेवर किंवा विजेवर चालणारी हत्यारं वापरू नका. मग थोडा मागे, थोडा पुढे, असा हलकेच फिरवा. किंचाळल्यासारखा आवाज येईल, येऊ द्या. अर्धा-पाऊण चमचाच का? कारण जास्त ओतलं तर ते सिलिंडरमध्ये उतरतं आणि द्रव काही दाबला जात नाही. इंजिन सुरू करताच पिस्टन त्यावर आपटून अडकतो, कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो. एवढे अभियंते, एवढ्या प्रयोगशाळा, आणि सगळ्याचं सार निघालं ते ‘थोडंसं घाला आणि गप्प बसा’. यावर एका जातीच्या मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं आहे: ‘ते अमेरिकेत. इथे पंधरा मिनिटांत मी चार प्लग काढतो.’ खरं आहे. चारांचे आठ तुकडे निघतात.

इंजिन गरम असताना काढावा की थंड, हा वाद तर शैव-वैष्णवांच्या तोडीचा आहे. गरम पक्षाचा युक्तिवाद भौतिकशास्त्राला धरून असतो. अल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गरम हेडमधलं भोक प्लगपेक्षा जास्त मोठं होणार, पकड ढिली होणार, तेव्हा तापल्या तव्यावरच हात मारा. वाक्य बिनतोड वाटतं. त्यात राहून गेलेली गोष्ट अशी, की तापलेलं अल्युमिनियम मऊही होतं. प्लग येतो, पण येताना हेडचे आटे स्प्रिंगसारखे गुंडाळून बरोबर घेऊन येतो. मध्यममार्गी लोक म्हणतात, इंजिन कोमट असावं. किती कोमट? ‘हात लावून बघायचा.’ कुणाचा हात, हे ते सांगत नाहीत. खरं पाहता थंड पक्षाचं शास्त्र बरोबर असूनही तो पक्ष कायम अल्पमतात राहतो, कारण इंजिन थंड व्हायला दोन-तीन तास लागतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं. कुकरचं प्रेशर उतरायची वाट न पाहता चिमट्याने शिट्टी उचलून वाफ घालवणाऱ्या समाजाने कधी तरी इंजिनाचं बॉनेट उघडणार हे ठरलेलंच होतं.

जाम आट्यांत सोडायच्या द्रवांबद्दल तर प्रत्येकाची गुप्त पाककृती असते. कुणी डिझेल सांगतो, कुणी रॉकेल, कुणी ब्रेक ऑइल, कुणी थंड पेयाची बाटलीच उघडून पुढे करतो आणि उरलेली पिऊन टाकतो. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा तर घरोघरी आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीत ते बनलं आणि नावातला चाळीसचा आकडा त्याच्या चाळिसाव्या प्रयत्नाचा, असं ती कंपनीच सांगते. ज्यांनी ते शोधलं त्यांनी एकोणचाळीस वेळा फसून पुन्हा मांडामांड केली. जे ते वापरतात त्यांना फवारल्यावर चाळीस सेकंद दम धरवत नाही. ‘मारलं ऑइल. फिरव.’ ऑइल अजून खोबणीच्या वरच्या कडेवरच असतं. सूक्ष्म फटींतून ते खाली झिरपायला वेळ लागतो आणि बहुतेकांना लागतो तो रात्रभराचा. या सगळ्या द्रवांत डावं-उजवं जरूर आहे, पण त्यांचा एक सामाईक गुण कुणी लक्षात घेत नाही. ओतल्यावर थांबावं लागतं. थंड पेयाने कुणाचा प्लग खरोखर सुटला असेल, तर त्यात निम्मं श्रेय ते पिण्यात गेलेल्या वेळाला द्यायला हवं.

एवढं सांगूनही प्लग तुटला, असं धरून चालू, तुटतोच. आता खरी करमणूक सुरू होते. पहिली भीती पांढऱ्या नळीची. ती अल्युमिनाची असते आणि कठीणपणाच्या मोह्स मापावर अल्युमिनाचा क्रमांक नववा, हिरा दहावा. तिचा बोटाच्या नखाएवढा कपचा सिलिंडरमध्ये पडला आणि कुणी ‘जरा स्टार्टर मारून बघू’ म्हणालं, की सिलिंडरच्या भिंतीवर कायमची रेघोटी उमटते. कुणी तरी ‘जरा स्टार्टर मारून बघू’ म्हणतंच. म्हणून शहाणा मेकॅनिक आधी खोबण हवेने स्वच्छ करतो, बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने कपचे ओढून घेतो, कॅमेरा असेल तर आत सोडून बघतो, हत्याराच्या टोकाला ग्रीस माखतो म्हणजे भुगा त्याला चिकटून वर येतो. यात अर्धा दिवस जातो आणि पाहणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. त्या फोर्डच्या प्लगसाठी आयोवातल्या लाइल कंपनीने खास हत्यार काढलं, तेही याच स्वभावाचं. पांढरी नळी आत थोडी दाबायची, अडकलेल्या कवचात आतून आटे पाडायचे, त्यात बोल्ट बसवायचा आणि वरचा नट फिरवत फिरवत केसाकेसाने कवच वर ओढायचं. त्यात झटका द्यायची सोयच ठेवलेली नाही. वापरणाऱ्यांना चांगलं ओळखणाऱ्यांनी ते बनवलं असावं.

आपल्याकडे मात्र हाताशी असतो तो उलट्या पिळाचा, निमुळता इझी आउट. तो तुटक्या प्लगच्या पोटात हलकेच ठोकायचा आणि डावीकडे फिरवायचा. हलकेच, हा शब्द सूचनापत्रात छापून गॅरेजात येताना वाटेत कुठे तरी गळतो. हातोडा पडतो, पाना लागतो, परिचित आवाज होतो, आणि आता इंजिनात तुटलेला प्लग आणि तुटलेल्या प्लगात तुटलेला इझी आउट. हा इझी आउट कडक केलेल्या पोलादाचा असतो. साधं ड्रिल त्यावर लावलं तर ड्रिलचंच तोंड जातं. या टप्प्यावर गर्दीतून नव्या सूचना येतात. ‘वेल्डिंगवाल्याला बोलवा.’ ‘स्कॅनर लावून बघितलं का?’ ‘हँडब्रेक ओढलाय ना?’ ‘हेड खोलावं लागणार, मी सकाळीच म्हणालो.’ दोन-चारशे रुपयांच्या प्लगपायी हेड खोलायचं म्हणजे टायमिंग चेन, गॅस्केट, कूलंट, सगळं आलं. बिलाचा आकडा ऐकून मालक भिंतीचा आधार घेतो आणि ती भिंत टॉर्क पान्याची असते. हेड टेम्पोत घालून भोसरीच्या नाहीतर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टूलरूममध्ये जातं. तिथे स्पार्क इरोजनचं यंत्र असतं. धातूत तुटलेली कडक हत्यारं काढायला ते वापरतात. तेलासारख्या द्रवात काम बुडवायचं आणि यंत्राच्या इलेक्ट्रोडमधून एकेक बारीक ठिणगी पाडत अडकलेला धातू कणाकणाने झिजवायचा. इलेक्ट्रोड धातूला टेकतसुद्धा नाही. जोर शून्य. ठिणगी पाडणारी वस्तू अडकली, ती काढायला घाम, पाइप, हातोडा आणि पंचक्रोशीची अक्कल कमी पडली, आणि शेवटी ती सुटली ठिणग्यांनी, त्याही अगदी संथपणे पडलेल्या. या लेखाच्या सिद्धान्ताला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. यानंतर हेडात हेलिकॉइल बसवून नवे आटे तयार करतात आणि ते आटे पुष्कळदा मूळच्यापेक्षा मजबूत निघतात, ही त्यातल्या त्यात मालकाला सांगायची चांगली बातमी. ती बिलाबरोबर सांगू नये.

आता शेवटचा आणि खरोखर अवघड आक्षेप. ‘मेकॅनिकला का हे कळत नाही? त्याला तरी घाई का?’ त्याला कळतं. त्याची अडचण आपण आहोत. आपण पैसे घामाचे देतो. माणूस बॉनेटखाली वाकलेला, कपाळावर शिरा, हात कोपरापर्यंत काळे, तोंडाने ‘हंऽऽ’ असा आवाज, हे दिसलं की मजुरी वसूल झाली असं आपल्याला वाटतं. तोच माणूस खोबणीत ऑइल सोडून स्टुलावर बसला, की आपली चुळबुळ सुरू होते.

‘काय चाललंय?’

‘मुरतंय साहेब.’

‘काय मुरतंय?’

‘ऑइल.’

‘आणि तुम्ही?’

‘आम्हीबी त्याच्याबरोबर.’

हे उत्तर शास्त्रशुद्ध असूनही त्याला पगार नाही. बिलात ‘वाट पाहण्याचे दीडशे रुपये’ असं लिहिलं तर ते कुठला मालक देईल? तोच मालक पुढे हेड खोलण्याचे हजारो रुपये मुकाट्याने मोजतो, कारण त्यात खोललेलं हेड डोळ्यांना दिसतं. म्हणून बिचारा मेकॅनिक उठतो, पाना उचलतो आणि आपल्या समाधानासाठी जोर लावतो. चहाच्या एका कपाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अर्धं काम ऑइलने केलं असतं. पण मेकॅनिक चहा पिताना दिसला की ‘यांचं हे असंच’ आणि प्लग तोडताना दिसला की ‘बिचारा फार झटतोय’. विजेच्या गाड्या आल्या की प्लगच राहणार नाहीत, हा भविष्यवेत्त्यांचा दिलासा आहे आणि तो खरा आहे. फक्त आज शोरूममधून निघालेल्या पेट्रोल गाडीचा प्लग दहा वर्षांनी सुटायचा आहे आणि त्याच्या भोवती उभं राहणारी चार माणसं आत्ताच जन्मलेली आहेत.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की प्लग बदलायचे असतील तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला नेऊन सोडा, म्हणजे सकाळपर्यंत इंजिन आपोआप थंड होईल. चावी द्या, दोन चहांचे पैसे आगाऊ द्या, ‘सावकाश करा’ असं एकदाच म्हणा आणि घरी जा. फाटकाशी रेंगाळू नका, बॉनेटमध्ये डोकावू नका. आणि ‘झालं का?’ असा फोन करायची अगदीच उबळ आली, तर तो मेहुण्याला करा. त्याच्या हातात पाना नसतो.